ट्रे आला की मी पुढे सरकवते

पत्र असं आहे (थोडं लहान केलंय, ओळख पटेल असं सगळं काढलंय; प्रभुभोजन म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, येशूच्या शिष्यांबरोबरच्या शेवटच्या जेवणावरून आलेला):

"ताई, आमच्याकडे महिन्यातून एकदा प्रभुभोजन असतं. गेली दोन वर्षं मी ते घेतलेलं नाही. ट्रे येतो, मी तो दोन्ही हातांनी धरते आणि शेजारच्या बाईंकडे सरकवते. कोणी विचारत नाही, आणि त्याचंही वाईट वाटतं. कारण सांगते. मी आणि मंडळीतल्या एक बाई दर रविवारी दान मोजायचो. एकदा हिशोबात फरक आला आणि त्या बाई उपासनेनंतर सगळ्यांसमोर म्हणाल्या की मोजताना पाच मिनिटं हीच एकटी होती. चार दिवसांनी कळलं की एक पाकीट चुकून दुसऱ्या खात्यात लिहिलं गेलं होतं. हिशोब जुळला, पण माफी कोणी मागितली नाही, त्यांनी नाही आणि ज्यांनी मान डोलावली त्यांनीही नाही. मी मोजणं सोडलं. त्यांच्याशी बोलत नाही. आता 'आमच्या स्वर्गातील पित्या' चालू झालं की 'जशी आम्ही क्षमा करतो' या ओळीला मी गप्प बसते, कारण खोटं बोलायचं नाहीये. आणि क्षमा नाही तर भोजन तरी कोणत्या तोंडाने घेऊ? अयोग्य रीतीने खाल्लं तर दोष लागतो असं लिहिलंयच की. प्रार्थनासभेत एकीने सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय म्हणून तुझ्या प्रार्थना अडकल्यात. गाणी चालू असतात, लोक रडतात, मला काहीच होत नाही. मी ख्रिस्ती आहे का हेच आता कळेनासं झालंय. – मागच्या बाकावरची"

अगं, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ट्रेपाशी अडले. दोन्ही हातांनी धरतेस म्हणालीस. जिला त्या भाकरीचं काही वाटत नाही ती बाई ट्रे एका हाताने सरकवते नाहीतर त्या वेळेला बाहेर जाऊन उभी राहते. तू दोन वर्षं दर महिन्याला तिथे येऊन बसतेस, तो ट्रे हातात घेतेस आणि स्वतःला नाही म्हणतेस. मी ख्रिस्ती आहे का हे तू मला विचारलंस ना, तर या गोष्टीवरून मला तरी शंका वाटत नाही.

आधी ते वचन बघू, कारण तुला खरं ते टोचतंय. पहिलं करिंथ, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय 11. आपल्याकडे प्रभुभोजनाच्या आधी त्यातल्या 23 पासूनच्या ओळी वाचतात, मग 27 वं वचन येतं, अयोग्य रीतीने खाणाऱ्याबद्दलचं, आणि लोकांच्या पोटात गोळा येतो. पण 17 पासून वाच, आजच वाच. पौलाने हे पत्र इफिसहून लिहिलं, साधारण इ.स. 55 च्या आसपास, आणि करिंथच्या मंडळीत काय चाललं होतं ते त्याने स्पष्ट लिहिलंय. काही लोक येऊन आपलं आपलं जेवून मोकळे व्हायचे, कोणी पिऊन तर्र आणि कोणी उपाशी, ज्यांच्याकडे काही नव्हतं ते बघत बसायचे. 22 व्या वचनात तो विचारतो की ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता का? आणि 33 मध्ये उपाय काय सांगतो तर जेवायला जमाल तेव्हा एकमेकांसाठी थांबा. एवढंच. म्हणजे अयोग्य रीत ही होती की प्रभूच्या मेजावर बसून शेजारच्या भावाला कमी लेखायचं. मूळ ग्रीकमध्ये तो शब्द खाण्याच्या रीतीबद्दल आहे, खाणाऱ्या माणसाच्या लायकीबद्दल नाही. लायक कोण आहे गं? लायक माणसांसाठीच ते मेज असतं तर त्या शेवटच्या जेवणाच्या रात्री माडीवरच्या खोलीत येशू एकटाच जेवला असता.

तिथे कोण कोण होतं ते बघ ना. पेत्र, येशूचा शिष्य, जो कोंबडा आरवायच्या आत तीनदा मी याला ओळखत नाही म्हणणार होता. बाकीचे, जे सगळे पळून जाणार होते. लूकच्या शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायात तर भाकर आणि प्याला देऊन झाल्यावर येशू म्हणतो की मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे, आणि लगेच खाली काय, तर शिष्यांचा वाद, आपल्यात मोठा कोण. तोंडातला घास गिळून झाला नाही तेवढ्यात भांडण. आणि याच लोकांना त्याने म्हटलं की हे तुमच्यासाठी आहे.

आणि करिंथच्या त्याच 11 व्या अध्यायातलं 28 वं वचन. हे मी तुला अधोरेखित करून पाठवलं असतं हाताशी असतीस तर. माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. परीक्षा करावी आणि मग खावी. परीक्षा करावी आणि मग ट्रे सरकवावा असं कुठेच नाहीये. मी स्वतः एकदा जवळजवळ वर्षभर घेतलं नव्हतं, घरातल्या एका वादावरून, आणि मला वाटायचं मी फार प्रामाणिक वागतेय. एका म्हाताऱ्या पाळकांनी मला बाजूला बोलावून हेच वचन मोठ्याने वाचायला लावलं, मी वाचलं, ते म्हणाले परत वाच, मी परत वाचलं, आणि 'मग खावी' या शब्दांवर माझा आवाज गेला. त्यांनी पुढे काही समजावलं नाही. मला तेवढं पुरलं, तुला पुरेल का माहीत नाही, म्हणून मी जरा जास्त लिहितेय.

आता तू म्हणशील, मत्तयच्या 5 व्या अध्यायात तर सांगितलंय ना की वेदीपाशी आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. खरं आहे. आणि पहिल्या काळातल्या मंडळ्यांनी हे गंभीरपणे घेतलं होतं. दिदाखे म्हणून एक फार जुनी शिकवणीची वही आहे, पहिल्या शतकाच्या शेवटाची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात, त्यातही सांगितलंय की ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत यात सामील होऊ नये. इ.स. 155 च्या सुमाराला जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रोमच्या बादशहाला रविवारची उपासना कशी चालते ते लिहून कळवलं, आणि त्याच लिखाणात तो सांगतो की प्रार्थना झाल्यावर, भाकर आणण्याच्या आधी, लोक एकमेकांना चुंबनाने अभिवादन करायचे. काही चर्चमध्ये आज आपण हात मिळवून शांती असो म्हणतो ना, ते तिथपासून चालत आलंय. तेव्हा तुझं मन जिथे अडतंय ती जागा चुकीची नाही. पण बघ, येशूने क्रियापदं कोणती वापरली. ठेव, जा, समेट कर, ये. तू यातलं पहिलं केलंस आणि दोन वर्षं तिथेच बसलीस. 'आधी जा आणि मग ये' याचं तू मनातल्या मनात 'येऊ नको' करून टाकलंस. थांबायला सांगितलंय ते जाण्यासाठी.

कोणी जायचं हा प्रश्न तुझ्या पत्रात लिहिलेला नाही पण वाचताना ऐकू येतो. चूक त्यांची, मग मी का जाऊ? मलाही असंच वाटलं असतं. पण गंमत अशी आहे, मत्तय 5 मध्ये ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने उठून जायचंय, आणि मत्तय 18 च्या 15 व्या वचनात ज्याच्यावर अन्याय झालाय त्याने जायचंय. दोन्हीकडच्याला सांगितलंय की तूच जा. म्हणजे दोघं आज्ञेत राहिले तर रस्त्यात अर्ध्यावर गाठ पडेल, आणि एकजण जरी निघाला तरी भेट होईल. त्या बाईंना कोणी त्यांचं वचन दाखवलं की नाही ते आपल्या हातात नाही. तुझं तुला ठाऊक आहे.

पण क्षमा म्हणजे काय हे आधी नीट बोलू या, कारण चर्चमध्ये या शब्दाचा फार घोळ होतो. लोक म्हणतात जाऊ दे गं, सोडून दे, एवढं काय त्यात. हे बोलणाऱ्यांचा मला राग येतो, खरंच येतो. एवढं काय म्हणजे? सगळ्या मंडळीसमोर एखाद्या बाईला चोर म्हटल्यासारखं झालं आणि एवढं काय? येशूने असं कधी म्हटलं नाही. मत्तय 18 मधला तो कर्जदार चाकराचा दाखला आठव, पेत्राने विचारलं होतं की सातदा क्षमा करू का, त्यावर सांगितलेला. त्या चाकराचं राजाकडे दहा हजार तालांतांचं देणं होतं आणि त्याच्या सोबत्याचं त्याच्याकडे शंभर दिनारांचं. आपण संडे स्कूलमध्ये शिकवताना म्हणतो की शंभर दिनार म्हणजे चिल्लर. चिल्लर नव्हती ती! एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, हे मत्तयच्याच 20 व्या अध्यायात आहे. म्हणजे शंभर दिवसांची कमाई, तीन महिन्यांहून जास्त. कोणी तुझी तीन महिन्यांची कमाई बुडवली तर रात्री झोप लागेल का? येशूने तुझ्यावर झालेला अन्याय मोजलाय, आणि तो मोठा आहे असंच म्हटलंय.

आणि मग दुसऱ्या बाजूचा आकडा. एक तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी, दीड लाखाहून जास्त वर्षं, एकही सुट्टी न घेता. ते कोणीच फेडू शकत नाही. चाकर म्हणतो मला मुदत द्या, सगळं फेडतो, आणि राजा त्याला मुदत देत नाही, देणंच सोडून देतो. आपला सगळा विश्वास या एका गोष्टीवर उभा आहे गं. इफिस 2:8-9 मध्ये जे लिहिलंय ते हेच, कृपेने तारण झालंय, विश्वासाच्या द्वारे, आपल्या कर्मांनी नाही, ते दान आहे. क्षमा तुला आधी मिळालेली आहे, मग तुझ्याकडे मागितलेली आहे, हा क्रम उलटा केला की माणूस पार थकून जातो. तू गेली दोन वर्षं असं धरून चालतेयस की मी आधी त्या बाईंना पूर्ण मनाने क्षमा करेन आणि मग देव मला मेजावर बसू देईल. असं असतं तर मेज रिकामंच राहिलं असतं.

तू लिहिलंस की प्रभूच्या प्रार्थनेत त्या ओळीला गप्प बसतेस. मला एक विचारायचंय, त्याच्या आधी मतांगीकार, म्हणजे आपण काय मानतो त्याची कबुली, म्हणता ना, प्रेषितांचा? त्यात शेवटाकडे 'पापांची क्षमा' येतं. तिथे गप्प बसतेस का? मला वाटतं नाही बसत, ती ओळ लहानपणापासून पाठ आहे, तोंडातून निघून जाते. पुढच्या रविवारी तिथे जरा लक्ष दे. त्या मतांगीकारात प्रभू येशू आणि त्याची आई मरिया सोडून एकाच माणसाचं नाव आहे, पंतय पिलात. एवढ्या पवित्र गोष्टीत या माणसाचं नाव कशाला असं मला लहान असताना वाटायचं. तो इ.स. 26 ते 36 यहूदीयाचा रोमन अधिकारी होता, 1961 साली कैसरियाच्या उत्खननात त्याचं नाव कोरलेला दगड पण सापडलाय. त्याचं नाव तिथे आहे कारण आपल्याला मिळालेली क्षमा ही कोणाच्या मनातली छान भावना नाहीये. ती एका ठराविक काळात, एका ठराविक अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याखाली, वधस्तंभावर घडलेली गोष्ट आहे, आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी सापडली. तुला गाण्यांच्या वेळी रडू येवो की न येवो, ती घडून गेलीय. तुझ्या मूडवर ती अवलंबून नाही, याचा मला तरी फार आधार वाटतो.

रडू येण्याचं म्हणशील तर त्याचं ओझं घेऊ नकोस. कोणाला येतं, कोणाला नाही येत. 150 स्तोत्रांमध्ये आनंदाची आहेत तशी तक्रारीची पण भरपूर आहेत. 13 वं स्तोत्र काढ, पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कुठवर' आहे. 88 वं तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, शेवट अंधारातच होतो, आणि तरी ते देवाच्या वचनात आहे, कोणी काढून टाकलं नाही. तुला सध्या गायचं नसेल तर ही दोन मोठ्याने वाच. ती पण प्रार्थनाच आहे.

आणि त्या प्रार्थनासभेतल्या बाईंनी जे सांगितलं, विश्वास कमी म्हणून प्रार्थना अडकल्या, ते मला अजिबात पटत नाही आणि मी हे स्पष्ट लिहितेय. गेथशेमाने बागेत येशूने तीनदा प्रार्थना केली की हा प्याला माझ्यापासून टळून जावो, आणि प्याला टळला नाही. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरेशी आहे, काटा तिथेच राहिला. यांचा विश्वास कमी होता का? मार्कच्या 9 व्या अध्यायातला तो बाप आठव, आजारी मुलाला घेऊन आलेला. तो म्हणाला मी विश्वास ठेवतो, माझ्या अविश्वासात मला मदत करा. येशूने त्याला आधी घरी जाऊन विश्वास वाढवून ये असं सांगितलं नाही, मुलाला बरं केलं. तू हेच वाक्य जरासं बदलून म्हण ना. प्रभू, मला क्षमा करायची आहे, मला जमत नाहीये, मदत कर. 'जशी आम्ही क्षमा करतो' या ओळीला गप्प बसण्यापेक्षा ती ओळ म्हण आणि लगेच मनात हे जोड. ते खोटं होणार नाही. आणि तुझ्या लक्षात आलं का माहीत नाही, त्या प्रार्थनेत 'मी' कुठेच नाही, सगळीकडे 'आम्ही', 'आमचे', 'आम्हाला'. तू ज्या रविवारी ती ओळ म्हणू शकत नाहीस त्या रविवारी शेजारच्या बाकावरची बाई ती तुझ्यासाठीही म्हणत असते. चर्चच्या पुढाऱ्यांच्या नायसियाच्या सभेने 325 साली जो मतांगीकार लिहिला त्याची सुरुवातही 'आम्ही विश्वास ठेवतो' अशीच आहे. मंडळी कशाला असते मग? शुभवर्तमानातल्या त्या पांगळ्यासारखं, ज्याचे पाय चालत नाहीत त्याला चार जणांनी छप्पर उघडून येशूपाशी खाली सोडायला.

एक फरक मात्र नीट समजून घे. क्षमा करायची आहे पण जमत नाही, हे एक. आणि मी क्षमा करणारच नाही, हे पक्कं ठरवलंय, हे वेगळं. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला मी ट्रे पुढे सरकवच म्हणेन, आणि पाळकांकडे जा म्हणेन. पण तो माणूस मला असं पत्र लिहिणार नाही.

आता काय करायचं ते. पुढचं प्रभुभोजन येईपर्यंत त्या बाईंकडे जा, एकटी. मत्तय 18:15 मध्ये एकट्यानेच जायला सांगितलंय, आणि त्यात मोठं शहाणपण आहे, कारण त्यांनी तुला सगळ्यांसमोर दुखावलं, तू त्यांना सगळ्यांसमोर दुखवायचं नाहीये. फोनवर मेसेज टाकू नकोस, मेसेजमध्ये आवाज ऐकू येत नाही आणि तो पुढे चार जणींना जातो. लांबलचक बोलू नकोस. दोन वाक्यं पाठ करून जा, काहीतरी असं: "त्या दिवशी पैशांवरून तुम्ही सगळ्यांसमोर जे बोललात ते मला अजून लागतं. मला ते मनात ठेवायचं नाहीये, म्हणून तुमच्याशी बोलायला आलेय." आणि मग गप्प बस. त्या गप्प बसण्यातच सगळं आहे, तिथे घाईने 'जाऊ दे, काही नाही' म्हणून त्यांची सुटका करू नकोस, त्यांना बोलायला वेळ दे. कदाचित त्यांनाही दोन वर्षं झोप नीट लागली नसेल. कदाचित त्यांना आठवणारही नाही, ही शक्यता जास्त त्रासाची आहे, तिची तयारी ठेव. कदाचित त्या उलट तुझ्यावरच येतील.

त्या उलटल्या तर? तर मत्तय 18 चंच 16 वं वचन, एक-दोन समजूतदार माणसं बरोबर घेऊन परत जायचं, पाळक किंवा वडीलमंडळींपैकी कोणी. तिथेही नाही जमलं तर रोम 12:18, शक्य असेल तितकं, तुमच्याकडून होईल तितकं, सगळ्यांशी शांतीने राहा. 'तुमच्याकडून होईल तितकं' हे शब्द पौलाने उगाच नाही घातले, त्यालाही माहीत होतं की समेटाला दोन माणसं लागतात. क्षमेला एक पुरतं. तू तुझ्या बाजूचं देणं सोडून दिलंस की तुझं झालं, मैत्री परत व्हायलाच पाहिजे असं नाही, एकत्र बसून परत दान मोजायलाच पाहिजे असंही नाही. विश्वास, म्हणजे माणसांवरचा भरवसा, तो हळूहळू परत येतो किंवा येत नाही. (हे मी खोट्या आरोपाबद्दल लिहितेय. कोणी मारतंय, छळतंय, मुलांना त्रास देतंय, तिथे एकटीने भेटायला जायचं नसतं, तिथे आधी सुरक्षित ठिकाणी जायचं आणि मदत मागायची. हे वाचणारी अशी कोणी असेल तर तिने वरचा सल्ला स्वतःला लावून घेऊ नये.)

आणखी एक, हे तुझ्यासाठी नाही, तुमच्या पाळकांसाठी आणि कमिटीसाठी आहे, त्यांना दाखव हवं तर. दान मोजताना कोणीही पाच मिनिटं एकटं का होतं? ही चूक त्या बाईंचीही नाही आणि तुझी तर नाहीच, ही व्यवस्थेची चूक आहे. दुसरं करिंथ 8:20-21 वाचा. यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी जमा केलेली मदत पोचवताना पौलाने मुद्दाम दुसरी भरवशाची माणसं बरोबर जोडून दिली, का तर कोणी आमच्यावर दोष ठेवू नये म्हणून, आणि तो म्हणतो की प्रभूसमोरच नाही तर माणसांसमोरही जे चांगलं ते आम्ही बघतो. पौलासारख्या माणसाला ही काळजी घ्यावीशी वाटली. तेव्हा एका घरच्या नसलेल्या दोन माणसांनी एकत्र मोजायचं, तिथेच लिहायचं, तिथेच दोघांनी सही करायची, आणि एकाला उठावं लागलं तर पैसे झाकून मोजणी थांबवायची. एवढं केलं असतं तर तुझी दोन वर्षं वाचली असती. आणि ज्यांनी त्या दिवशी मान डोलावली, त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर, बाबांनो, त्या बाईला जाऊन भेटा, ती मागच्या बाकावर बसते.

प्रभुभोजनाबद्दल थोडं अजून. काही मंडळ्या शिकवतात की भाकर आणि द्राक्षारस खरोखर ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात, काही म्हणतात तो त्यात खरा हजर असतो, काही म्हणतात ही आठवण आहे. शेकडो वर्षं मोठमोठी माणसं यावर वाद घालत आली, तुला तो महिनाभरात सोडवायचा नाहीये. कोणी घ्यावं याचेही प्रत्येक मंडळीचे नियम असतात, कुठे आधी पापांगीकाराला, म्हणजे पापांची कबुली द्यायला, जावं लागतं, कुठे दृढीकरणाचा विधी झालेला असावा लागतो, ते तुमच्याकडे जसे असतील तसे पाळ. दोन वर्षं घेतलं नाहीस हे पाळकांना एकदा सांग मात्र, हे लपवून ठेवण्यासारखं नाही, आणि जस्टिनच्याच काळात बघ, जे उपासनेला नसायचे त्यांच्या घरी डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, भाकर नेऊन द्यायचे. जो आला नाही त्याची आठवण ठेवणं हे मंडळीचं कामच आहे. तुझ्याबाबतीत ते राहून गेलं, तू लिहिलंस ना की कोणी विचारत नाही, ते वाचून मला फार वाईट वाटलं. त्यांच्यातर्फे मी विचारतेय असं समज.

रोजच्यासाठी फार काही लादत नाही. सकाळी मार्कचा एक अध्याय वाच, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान तेच, 16 अध्याय, म्हणजे पुढच्या प्रभुभोजनाच्या आत संपतं. उत्पत्तीपासून सुरू करून लेवीयमध्ये अडकणं आत्ता नको. वाचून झालं की प्रभूची प्रार्थना म्हण, दिदाखेमध्ये तर दिवसातून तीनदा म्हणायला सांगितलीय, तू एकदा म्हण, पण सावकाश, आणि त्या ओळीला त्या बाईंचं नाव मनात घे. त्यांचं भलं व्हावं असं सुरुवातीला वाटणार नाही. नुसतं नाव घे. शब्दच सुचले नाहीत तर रोम 8:26, आपल्याला मागता येत नाही तेव्हा पवित्र आत्मा स्वतः आपल्यासाठी उसासे टाकून मागतो. चार-सहा दिवसांनी नाव घेताना घसा आवळतो का तेवढं बघ.

जायचा दिवस आत्ताच ठरव, पुढे ढकलू नकोस. जाऊन आलीस की प्रभुभोजनाला त्याच बाकावर बस, पुढे बसायला पाहिजे असं काही नाही. आणि समज जायचं धाडस नाहीच झालं, निघालीस आणि दारातून परत आलीस, तरीही ये, ते परत येणं पण पापांगीकारात सांग, आणि पुढच्या आठवड्यात परत निघ. ट्रे येईल, तो दोन्ही हातांनीच धर, तुझी सवय आहे तशी, फक्त या वेळी सरकवायच्या आधी त्यातला एक तुकडा उचल. हात थरथरला तर थरथरू दे. मग शेजारच्या बाईंना दे.

आणि त्या बाईंशी बोलणं झालं की मला लिही, कसंही झालं तरी लिही. या सदरात छापणार नाही. मार्कचा नववा अध्याय तुझ्या वाचनात येईल त्या सकाळी मी तुझ्यासाठी प्रार्थना करेन, कुठला दिवस ते कळवलंस तर बरं होईल.

तुझी,
ताई